दुपारचा एक तास तुमचा

मैत्रिणींनो, दुपारी दोन वाजता तुम्ही काय करता? जेवणं उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, मुलं शाळेत आणि घरची पुरुषमंडळी कामावर. कुणी विचारलं तर ‘जरा पडते’ असं आपण सांगतो. प्रत्यक्षात मात्र निवडायची डाळ समोर येते, गणवेशाचं तुटलेलं बटण आठवतं, दुधाचा हिशोब राहिलेला असतो. बघता बघता चार वाजतात, चहाचं आधण चढतं आणि दुपार कुठे गेली ते आपल्यालाच कळत नाही.

हे तुमच्याच घरी घडतं असं समजू नका. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात असं दिसलं, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटं भरली ९७. मुलांचं करणं, आजाऱ्याची उठबस हे यात धरलेलंच नाही, ते वेगळं! तेव्हा ‘सवड मिळाली की वाचीन, सवड मिळाली की बघायला जाईन’ असं म्हणत बसलो तर ती सवड काही आपणहून दारात यायची नाही. ती काढावी लागते.

आणि काढलेल्या सवडीत करायचं काय? आज मी दोनच गोष्टी सुचवणार आहे. एक, मनासारखी प्रेमकथा वाचायची. दुसरी, आपल्याच गावात, तालुक्यात जे बघण्याजोगं आहे ते निवांत बघायचं.

‘प्रेमकथा? या वयात?’ हसलात ना! आपली गंमत बघा. दुपारी विणकाम केलं तर कौतुक होतं, कारण त्यातून स्वेटर निघतो. पापड लाटले तर वर्षाची बेगमी होते. पण कादंबरी हातात दिसली की सासूबाई म्हणतात, “काय एवढं वाचण्यात गुंगलीस गं?” आणि आपणही चोरी पकडल्यासारखं पुस्तक उशीखाली सारतो. जणू ज्यातून घराला काही मिळत नाही, ते करणं म्हणजे गुन्हाच!

ही धास्ती आजची नाही. काशीबाई कानिटकरांचा जन्म १८६१ सालचा. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि बाईने शिकणं ज्या काळात लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात त्या सासरी वाचायला शिकल्या. पुढे मराठीतल्या आरंभीच्या महत्त्वाच्या लेखिका म्हणून त्यांचं नाव झालं, ‘रंगराव’ ही कादंबरी त्यांनी लिहिली. वाचू लागलेली बाई बिघडली नाही, ती लिहू लागली.

नंतर ना. सी. फडक्यांचा काळ आला. ‘जादूगार’ १९२८ची, ‘दौलत’ १९२९ची. तरुण मुलींनी त्या कादंबऱ्या वाचल्या आणि वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, असा वाद फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने वर्षानुवर्षं रंगला. घरोघरच्या वाचक बायकांनी मात्र दोघांचीही पुस्तकं वाचनालयातून आणली! खांडेकरांच्या ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळालं ते १९७४चं. देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या मनात काय चाललंय, हे त्या पुस्तकात त्या दोघी स्वतः सांगतात. बाईच्या मनाचं ऐकून घेणारं पुस्तक ‘हलकं’ कसं म्हणायचं?

चंद्रकांत काकोडकरांचं तर प्रकरण कोर्टात गेलं. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आलेली त्यांची ‘श्यामा’ अश्लील आहे अशी तक्रार झाली. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरलं, पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाने जे वाचून सोडून दिलं, त्याला आपण घरात कशाला घाबरायचं?

शिवाय सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुमुदिनी रांगणेकर यांची पुस्तकं आहेतच. जुन्या वाचनालयात कपाट उघडलं की त्यांचे शिवलेले, पुठ्ठा लावलेले खंड हमखास निघतात. पानांच्या कडा मऊ पडलेल्या असतात. कितीतरी जणींच्या दुपारी त्यातून गेल्या असतील!

आता एक सांगते, ते ऐकून जुन्नरकरणींनी मान ताठ करावी. प्रेमाच्या कथा या भागाला परक्या नाहीत. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत म्हणा ना! सुमारे सातशे लहान लहान कविता, पुष्कळशा बाईच्या तोंडच्या. गावाला गेलेला नवरा, शेतातली भेट, सासूची नजर, मैत्रिणीचा सल्ला, सगळं त्यात आहे. काही गाथा रेवा, रोहा अशा कवयित्रींच्या नावावर आहेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठीत आणला. वाचनालयात मागून पाहा, आणि हाती आला की एका दुपारी चार-पाच गाथांवर जाऊ नका. त्या सावकाश वाचायच्या असतात.

याच सातवाहनांच्या खुणा जुन्नरच्या डोंगरात आहेत. तिथून आपण दुसऱ्या गोष्टीकडे येऊ.

चित्रं, शिल्पं बघायची तर पुण्याला जायला हवं, असं आपल्या मनाने घेतलंय. पण जुन्नरच्या भोवती लेणीच लेणी आहेत. लेण्याद्रीला आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो, तीनशेच्या आसपास पायऱ्या चढतो, नारळ फोडतो नि उतरतो. गणपतीचं लेणं सातवं. शेजारच्या सहाव्यात चैत्यगृह आहे, खांबांच्या माथ्यावर प्राणी कोरलेत. पुढच्या वेळी तिथे दहा मिनिटं थांबा. तुळजालेण्यात गोल चैत्यगृह आहे, बारा खांबांचं, असं फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. मानमोडीच्या डोंगरात भूतलेण्याच्या कमानीवर गजलक्ष्मी आहे. दिवाळीत आपण जिची पूजा करतो ती लक्ष्मी, दोन हजार वर्षांच्या घरात गेलेल्या दगडावर! ही दर्शनी बाजू चंद नावाच्या एका यवनाने दान दिल्याचं तिथे कोरलेलं आहे.

आणि नाणेघाट? पावसाळ्यात मुलं फोटो काढायला जातात तोच. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा मोठा लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात मांडलेत. हिशोब बाईच्या नावाने दगडावर आहे, बघा! राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे होते. ते आता मोडलेत, वर नावं तेवढी उरलीत.

डोंगर चढवत नसेल तरी हरकत नाही. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठेही राहत असा, वर्षभरात काही ना काही मांडलं जातंच. शाळेत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन असतं, दिवाळीत रांगोळ्या असतात, गौरीपुढची आरास असते, बचत गटांच्या बायकांची भरतकामं नि गोधड्या असतात. आपण काय करतो? आपल्या मुलाचं चित्र शोधतो, फोटो काढतो नि घरी येतो. रांगोळीला ‘छान हं’ म्हणून पुढे सरकतो. यापुढे असं करून बघा:

सगळं बघायचा हट्ट धरू नका. आधी एक फेरी मारा, मग जे डोळ्यांत भरलं त्या एकाच गोष्टीपुढे पाच मिनिटं उभं राहा.

जिने केलं तिला गाठा. ‘केवढ्याला?’ हा प्रश्न शेवटी. आधी विचारा, ‘हा रंग कसा सुचला? किती दिवस लागले?’ बघा तिचा चेहरा कसा उजळतो ते.

घरी आल्यावर जाऊबाईला किंवा मुलीला दोन वाक्यांत सांगा, काय आवडलं आणि का. या ‘का’चं उत्तर शोधताना आपली आवड आपल्याला कळते.

आता व्यवहाराचं. वाचनालयाची वर्गणी आपल्या स्वतःच्या नावाने भरा. ‘यांच्या’ नावावर पुस्तक आणलं की ‘यांच्या’ आवडीचं येतं! दोघी-तिघी मैत्रिणी मिळून निरनिराळी पुस्तकं आणा आणि बदलून घ्या. बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजीच्या आधी पुस्तक टाकायची सवय लावा. फोन मात्र त्या तासापुरता दुसऱ्या खोलीत. लेण्यांना जायचं तर चौघी-पाचजणींनी सकाळी निघा आणि ऊन कलायच्या आत परत फिरा. आपल्याकडे बिबट्या आहे, कडेकपारीत आग्या मोहोळं आहेत. अत्तर लावून, गडबड करत जाऊ नका.

आणि घरी काय सांगायचं? बरेचदा आपण म्हणतो, ‘जरा काम आहे, जाऊन येते.’ तसं नका म्हणू. ‘चित्रं बघायला जाते,’ ‘कादंबरी वाचते, तासाभराने चहा ठेवते,’ असं सरळ सांगा. पहिले दोन-तीन दिवस कुणी भुवया उंचावतील, एखादा टोमणाही येईल. रागावू नका, पण तास सोडूही नका. एकदा सोडलात की तो डाळीच्या ताटात गेलाच म्हणून समजा. सासूबाईंनाच एखादं प्रकरण वाचून दाखवून पाहा. पुष्कळ घरांत त्यांनाही अशी दुपार कुणी दिलेली नसते. पुढे काय झालं ते ऐकायला उद्या त्याच तुम्हाला हाक मारतील!

तोवर एवढं करा. पुस्तक उशीखाली लपवू नका, खिडकीत उघडं ठेवा. घरातल्या मुलीला ते दिसू दे. आई दुपारी तासभर स्वतःसाठी बसते, हे तिने लहानपणापासून पाहिलं, तर उद्या तिच्या संसारात तिला तो तास मागावा लागणार नाही.