नभोवाणीवरील ग्रामीण संगीत : केंद्रांची चढाओढ व माणसांची ये-जा

एखादी संस्था कशी चालते हें जाणावयाचें झाल्यास केवळ तिच्या इमारतीकडे पाहून भागत नाहीं. तिच्यांत कोण येतो, कोण जातो व कां जातो, हेंहि पाहावें लागतें. अमेरिकेंतील ज्या नभोवाणी केंद्रांनीं खेड्यापाड्यांतील संगीत देशभर पोहोंचविलें, त्यांचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. या संगीतास तिकडे 'कंट्री म्युझिक' म्हणतात. फिडल, बँजो व गिटार हीं त्याचीं मुख्य वाद्यें. शेतकरी, खाणींतील कामगार व आगगाडीवरील मजूर यांचीं सुखदुःखें हा त्याचा विषय. आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं हें संगीत ऐकलेंहि नसेल. परंतु जें गाणें आपल्या कानीं पडतें तें कोणाच्या इच्छेनें व कोणाच्या पैशानें पडतें, हें मुलांनीं व त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत नभोवाणी बहुतेक खासगी मालकीची राहिली. वृत्तपत्रें, दुकानदार, विमा कंपन्या यांनीं आपापलीं केंद्रें काढलीं. १९२२ सालीं ॲटलांटा येथील डब्ल्यू. एस. बी. केंद्रानें फिडलवादक जॉन कार्सन यांस ऐकविलें, आणि १९२३ च्या जानेवारींत टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या केंद्रानें खळ्यांतील नाचगाण्यांचा कार्यक्रम केला. शिकागो येथें सीअर्स, रोबक या टपालानें माल विकणाऱ्या प्रचंड पेढीनें १२ एप्रिल १९२४ रोजीं डब्ल्यू. एल. एस. हें केंद्र उघडलें. हीं अक्षरें म्हणजे 'जगांतील सर्वांत मोठें दुकान' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत. पेढीचें मोठें गिऱ्हाईक शेतकरी. तेव्हां त्याला आवडेल असा 'नॅशनल बार्न डान्स' हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम बरोबर एका आठवड्यानें सुरू झाला. गाणें हें येथें दुकानाचें आमंत्रण होतें.

या केंद्रावर जॉर्ज हेय नांवाचे तरुण निवेदक होते. ते मूळचे मेंफिस येथील वृत्तपत्राचे बातमीदार. १९२४ सालीं एका रेडिओ-मासिकाच्या वाचकांनीं देशांतील सर्वांत लोकप्रिय निवेदक म्हणून त्यांची निवड केली. पुढल्याच वर्षीं, ५ ऑक्टोबर १९२५ रोजीं, नॅशव्हिल शहरांत एका विमा कंपनीनें डब्ल्यू. एस. एम. हें केंद्र सुरू केलें. 'आम्ही लक्षावधींचें रक्षण करतों' हें कंपनीचें ब्रीद त्या अक्षरांत दडलेलें होतें. कंपनीनें हेय यांस शिकागोहून आपल्याकडे आणिलें. २८ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं ७७ वर्षांच्या जिमी थॉम्सन या वृद्ध फिडलवादकास ध्वनिक्षेपकासमोर बसविलें, व श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडला. वर्ष संपण्यापूर्वीं शनिवारचा नियमित कार्यक्रम ठरला. १९२७ पासून 'ग्रँड ओल ऑप्री' या नांवानें तो ओळखला जाऊं लागला. एका माणसानें गांव बदलला आणि एका केंद्राची कल्पना दुसऱ्या केंद्रांत रुजली. या चढाओढीचा आरंभ असा आहे.

येथें शास्त्राचा थोडा भाग सांगणें अवश्य आहे. दिवसा सूर्यकिरणांमुळें वातावरणाच्या वरच्या भागांत एक विद्युद्भारित थर तयार होतो व तो मध्यम लांबीच्या नभोवाणी-लहरी शोषून घेतो. रात्रीं हा थर नाहींसा होतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेंकडों मैल दूर उतरतात. त्यांतून सरकारनें कांहीं केंद्रांस रात्रीं जवळजवळ स्वतंत्र अशी लहर व ५०,००० वॉट शक्ति वापरण्याची मुभा दिली. शिकागोच्या केंद्रास ही शक्ति १९३१ सालीं व नॅशव्हिलच्या केंद्रास १९३२ सालीं लाभली. त्यामुळें एका शहरांतील गाणें अनेक प्रांतांतील शेतकरी एकाच वेळीं ऐकूं लागला, आणि दूरदूरचीं केंद्रें एकमेकांचीं शेजारी व म्हणून प्रतिस्पर्धी बनलीं.

आतां कलावंतांची स्थिति पाहूं. ऑप्रीच्या आरंभीं बहुतेकांस वेतनच नव्हतें, व पुढेंहि एका रात्रीचा मोबदला थोडकाच असे. मग ते येत कां? कारण नभोवाणी ही त्यांची जाहिरात होती. शनिवारीं केंद्रावर गावें, आपण अमुक दिवशीं अमुक गांवीं येणार असें सांगावें, आणि आठवडाभर शाळागृहांतून व सभागृहांतून तिकिटें लावून खेळ करावे, हा त्यांचा क्रम. एका केंद्राच्या टापूंतील गांवें फिरून झालीं कीं मिळकत आटत असे. मग मंडळी बिऱ्हाड पाठीवर टाकून दुसऱ्या केंद्राकडे जात. आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्यांच्या मुक्कामांची ज्यांना आठवण आहे, त्यांस हें सहज उमगेल. केंद्राचाहि लाभ होताच. विम्याचा दलाल शेतकऱ्याच्या दारीं जाऊन ऑप्रीचें नांव घेई व दार उघडलें जाई.

मोठीं माणसें हलूं लागलीं कीं केंद्राचा तोल हले. शिकागोच्या केंद्रांतील संगीताचे जाणकार जॉन लेअर हे १९३७ सालीं सिनसिनाटीस गेले व तेथें त्यांनीं 'रेन्फ्रो व्हॅली बार्न डान्स' सुरू केला. १९३९ सालीं तो कार्यक्रम त्यांनीं केंटकींतील आपल्या जन्मभूमीच्या खोऱ्यांतच नेला. १९४६ सालीं ऑप्रीचे प्रमुख गायक रॉय एकफ हे सोडून गेले, तेव्हां देशभर ऐकल्या जाणाऱ्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठीं शिकागोचे रेड फोली यांस नॅशव्हिलला आणण्यांत आलें. त्यानंतर शिकागोचें तेज मंदावलें व नॅशव्हिलचें वाढलें.

तिसरें स्थान लुइझियानांतील श्रीव्हपोर्ट. तेथील के. डब्ल्यू. के. एच. केंद्रानें ३ एप्रिल १९४८ रोजीं 'लुइझियाना हेराइड' सुरू केला. नवख्या गायकांस संधि देणें हें त्याचें सामर्थ्य, आणि तयार झालेला गायक नॅशव्हिलला जाणें हें त्याचें दुर्दैव. हँक विल्यम्स १९४८ सालीं येथें आले व पुढल्याच वर्षीं ऑप्रीनें त्यांस उचललें. मद्यपान व गैरहजेरी यांमुळें ऑप्रीनें १९५२ सालीं त्यांस काढून टाकलें, तेव्हां श्रीव्हपोर्टनेंच त्यांस पुन्हा जवळ केलें. परंतु १ जानेवारी १९५३ रोजीं, अवघ्या २९ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. एल्व्हिस प्रेस्ली हे १९५४ च्या ऑक्टोबरांत ऑप्रीवर एकदांच गाइले. त्यानंतर पंधरवड्यांतच हेराइडनें त्यांस संधि दिली. मोठें दार बंद असतां लहान दार उघडें असणें किती मोलाचें, हें यावरून दिसतें.

या इतिहासांतील एका जाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. डेफर्ड बेली हे कृष्णवर्णीय वादक. लहानपणीं पोलिओमुळें त्यांची वाढ खुंटली होती. पण माउथ ऑर्गनवर धांवत्या आगगाडीचा आवाज ते असा हुबेहूब काढीत कीं श्रोते थक्क होत. ऑप्रीच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांत त्यांची गणना होते. दौऱ्यांत त्यांच्याच नांवावर गर्दी जमे, पण रात्रीं सहकाऱ्यांच्या खानावळींत त्यांस जेवावयास मिळत नसे व त्यांच्या हॉटेलांत खोली मिळत नसे. १९४१ सालीं गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेनें शुल्क वाढविलें, म्हणून केंद्रांनीं त्या संस्थेचीं गाणीं वाजविणें बंद केलें. बेली यांच्या गाजलेल्या चिजांवरहि हें बंधन आलें, आणि त्याच वर्षीं त्यांस काढून टाकण्यांत आलें. ते नव्या चिजा शिकत नाहींत, असें कारण हेय यांनीं पुढें लिहिलें. बेली यांस तें कधींच मान्य झालें नाहीं. पुढें त्यांनीं नॅशव्हिलमध्येंच बुटांस पॉलिश करण्याचें दुकान चालविलें. १९८२ सालीं ते वारले; या संगीताच्या मानकरी-मंडळांत त्यांचें नांव २००५ सालीं दाखल झालें. मालकांच्या भांडणाचा भार बहुधा ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं त्याच्याच माथीं पडतो, हें येथें स्पष्ट दिसतें.

पुढें काळ पालटला. १९६० सालीं डब्ल्यू. एल. एस. केंद्र ए. बी. सी. कंपनीच्या पूर्ण ताब्यांत गेलें व त्याच वर्षीं तेथें तरुणांचें रॉक संगीत सुरू झालें. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमास दुसरें केंद्र शोधावें लागलें व कांहीं वर्षांनीं तो बंद पडला. प्रत्यक्ष गाणाऱ्यांच्या जागीं तबकड्या लावणारा निवेदक आला, आणि दिवसभर हेंच संगीत वाजविणारीं केंद्रें निघालीं. एकाच शहरांत अशीं दोन केंद्रें असलीं कीं श्रोत्यांची मोजदाद हीच त्यांची परीक्षा. पूर्वीं पत्रें मोजीत. पुढें निवडक श्रोत्यांकडून रोजनिशा भरून घेत. २००७ पासून मोठ्या शहरांत खिशांत बाळगावयाचें मोजणी-यंत्र आलें. आंकडा घसरला कीं बहुधा प्रथम सकाळच्या निवेदकाचें आसन डळमळतें.

१९९६ च्या कायद्यानें एका कंपनीनें देशांत किती केंद्रें बाळगावीं यावरील मर्यादा उठविली. त्यानंतर एका कंपनीकडे तर हजाराहून अधिक केंद्रें जमा झालीं. एका शहरांत बसलेला निवेदक अनेक शहरांसाठीं आपलें बोलणें आधींच मुद्रित करून ठेवूं लागला. २०२० च्या जानेवारींत आय-हार्ट-मीडिया या सर्वांत मोठ्या कंपनीनें पुष्कळ निवेदकांस एकदम कमी केलें. खर्च वांचला हें खरें. परंतु गांवांत वादळ आलें, शाळा बंद राहिली, पूल वाहून गेला, हें सांगणारा गांवचा माणूस त्या आवाजांत उरला नाहीं.

तथापि सर्वच गेलें असें नव्हे. नॅशव्हिलचें जुनें केंद्र अद्याप बोलत आहे, व ऑप्रीनें २०२५ सालीं आपलीं शंभर वर्षें पुरीं केलीं. चढाओढ मुळांत वाईट नाहीं. तिच्यामुळेंच वृद्ध फिडलवादकास श्रोते मिळाले व नवख्या पोरास दार उघडलें. मात्र चढाओढींत ज्यांच्या जिवावर केंद्र उभें राहिलें त्यांचा विसर पडूं लागला, म्हणजे लाभ कोणाचा व हानि कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. पुढच्या वेळीं रेडिओवरील ओळखीचा आवाज एकाएकीं बंद झाला, तर आमच्या बालवाचकांनीं तो आवाज कोणाचा होता व तो कां गेला, एवढें तरी घरांत विचारावें, असें आम्ही सुचवितों.