संकेतस्थळाचा जागल्या

जुन्या मराठी नियतकालिकांतील लेखांची सूची मी एका संकेतस्थळावर ठेवतो. एका विद्यार्थिनीचा फोन आला : ‘‘सर, तुमच्या सूचीत या लेखकाचं काहीच नाही, म्हणून प्रबंधात तसंच लिहिलंय.’’ त्या लेखकाच्या नोंदी मीच घातल्या होत्या. पाहतो तर डेटाबेस चार दिवस बंद, आणि शोधाचे पान विचारील त्याला ‘एकही नोंद नाही’ असे सांगत होते. दुकान बंद असते तर गिऱ्हाईक पुन्हा आले असते. इथे उघड्या दुकानातून ‘माल नाही’ असे उत्तर जात होते.

पहारा तेव्हाही होता. एक सेवा दर पाच मिनिटांनी माझ्या मुखपृष्ठाला हाक मारी. अशा हाकेला सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो : २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान सापडत नाही, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. मुखपृष्ठाला डेटाबेस लागत नाही, त्यामुळे चारही दिवस २०० येत राहिले. त्या महिन्याच्या अहवालात माझे संकेतस्थळ १०० टक्के चालू होते!

या निमित्ताने मी एपीआय वापरायला शिकलो. एका आज्ञावलीने दुसरीला काम सांगण्याची ठरलेली रीत म्हणजे एपीआय. बँकेची स्लिप जशी ठरावीक रकान्यांतच भरावी लागते, तसेच हे. पहाऱ्याच्या सेवेलाही तो असतो. माझी छोटी आज्ञावली आता त्यातून तपासण्या नोंदवते : अमुक नाव शोध, माहीत असलेली नोंद दिसली तरच ठीक मान. चुकले तर दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा पाहा, मगच इशारा पाठव. नाहीतर ‘लांडगा आला रे’ ऐकून मीच दुर्लक्ष करू लागेन. दुरुस्तीपुरता पहारा थांबवताना तो पुन्हा सुरू करण्याची वेळही त्याच आज्ञेत जाते. हे हुकूम ज्या गुप्त किल्लीने चालतात, ती ज्याच्या हाती पडेल तो पहाराच बंद करू शकतो. म्हणून नुसते अहवाल वाचण्यासाठी किल्ली वेगळी ठेवली आहे.

जागल्या राहतो कुठे, हेही महत्त्वाचे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागात काही तास कोलमडली. एका आज्ञेतील चुकीमुळे ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले होते. कोणती सेवा चालू, कोणती बंद हे सांगणारा फलक बदलण्याची सोयही एस-थ्रीवरच अवलंबून होती. कंपनीला ट्विटरवरून कळवावे लागले. घराला आग लागली तेव्हा राखणदार आतच अडकला होता. माझा पहारा म्हणूनच वेगळ्या कंपनीच्या संगणकावरून चालतो.

प्रबंध सादर व्हायचा होता, म्हणून ते वाक्य बदलता आले. दर पाच मिनिटांनी शोधले जाणारे पहिले नाव आता त्याच लेखकाचे आहे.