चकमक खरी की खोटी?

कुणी घड्याळं जमवतं, कुणी स्नीकर्स. माझा मावसभाऊ म्युनिकमध्ये राहून जुनी जर्मन पिस्तुलं जमवतो! तीही अठराव्या शतकातली, चकमकीची, म्हणजे फ्लिंटलॉक. गोळ्या झाडण्यात दादाला काडीचाही इंटरेस्ट नाही. हातातली वस्तू कुठे, कधी, कुणी बनवली हे ओळखणं हा त्याचा फंडा. पगाराचा बराचसा भाग त्यातच जातो, त्यामुळे ओळख चुकली की खिसा कापलाच!

आधी यंत्र बघा. चाप ओढला की घोडा पुढे आपटतो. त्याच्या जबड्यातली गार पोलादी पट्टीवर घासते, पट्टी उलटून खालचं छोटं पॅन उघडतं, ठिणग्या रंजकावर पडतात आणि नळीच्या कानातून आग आत जाते. ठो! सिंपल.

घोळ ओळखण्यात आहे. लंडनमध्ये सतराव्या शतकापासून नळ्या तपासून शिक्का मारायचे. जर्मनी तेव्हा एक देशच नव्हता. सगळीकडे लागू होणारा कायदा आला थेट १८९१ मध्ये, फ्लिंटलॉक कधीच रिटायर झाल्यावर. त्यामुळे शिक्का नाही म्हणजे माल नकली, हे लॉजिक इथे चालत नाही.

लष्करी पिस्तूल मिळालं तर मजा. प्रशियाच्या पहिल्या फ्रीडरिश विल्हेल्मने १७२२ मध्ये पोट्सडाम आणि स्पांडाऊला शस्त्रांचा कारखाना काढला आणि चालवायला दिला स्प्लिटगेर्बर आणि डाउम या व्यापाऱ्यांना. म्हणून लॉकवर ‘पोट्सडाम’ आणि ‘एस अँड डी’ सापडतं. मुकुटाखाली ‘एफआर’ असेल तर तो फ्रीडरिकुस रेक्स, म्हणजे राजा फ्रीडरिश.

हौशी लोकांच्या पिस्तुलांवर मात्र नावं वाचून भुलू नका. ब्रेशियाचा लाझारिनो कॉमिनाझो इतका फेमस, की त्याचं नाव युरोपभर कुणीही नळीवर कोरायचं. फॅशन स्ट्रीटवरचे ‘ब्रँडेड’ शर्ट आठवले ना? अगदी तेच.

खरी गेम पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात टोपीवर उडणारी पिस्तुलं आली आणि हजारो फ्लिंटलॉक्सची पॅन आणि पट्टी काढून त्यांना निपल बसवलं गेलं. आज भाव मूळ चकमकीला. मग काहीजण नवं पॅन, नवी पट्टी, नवा घोडा लावून पिस्तूल पुन्हा ‘मूळ’ करतात!

गेल्या हिवाळ्यात मी दादाबरोबर एका डीलरकडे गेले होते. किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढी. दादाने परवानगी घेऊन लॉक उतरवलं, भिंग लावलं. नळीचा कान दारूने खाऊन खडबडीत झालेला, पण पॅनच्या कडा कालच घासल्यासारख्या धारदार. लॉकप्लेटवर एक जुनं भोक बुजवलेलं.

‘‘बघ गं, दोघांचं वय जुळतंय का?’’ तो मराठीत पुटपुटला. नव्हतंच जुळत.

‘रिस्टोअर केलंय,’ डीलर शांतपणे म्हणाला. लेबलवर तसा एक शब्द नव्हता. रिस्टोअर करायला माझी ना नाही, पण मूळ म्हणून पैसे लावायचे? दादाने ते परत ठेवलं आणि शेजारचं टोपीवालं घेतलं. त्यात केलेला बदल लपवलेला नव्हता आणि किंमतही बरीच कमी होती.

इथे हा छंद लावून घ्यायचा मूड असेल तर आधी १९५९ चा शस्त्र कायदा वाचा. जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना त्यात सूट आहे, पण दुरुस्त करूनही जी चालणारच नाहीत अशांनाच. दादाची सगळी पिस्तुलं म्युनिकमध्येच राहणार आहेत.