डोंबिवलीचा आकडा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या चाकरमान्याचे निम्मे आयुष्य लोकलमध्ये जाते. कल्याण सुटून डोंबिवली आली, की माणसांचा लोंढा आत घुसतो आणि हातातले वर्तमानपत्र मिटून घ्यावे लागते. याच स्टेशनाच्या नावावरून गणितात संख्यांचा एक प्रकार ओळखला जातो, हे त्या गर्दीत कितीजणांना ठाऊक असेल? जी.आय.पी. रेल्वेच्या काळात या स्टेशनाला ‘डेम्लो’ म्हणत. तिथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना कल्पना सुचली, म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, त्यामुळे आपल्याकडच्या विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ म्हणून बाजूला सारले. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात लिहिले, तेव्हा आपल्याला मास्तर दिसले! (६१७४ हा त्यांचा प्रसिद्ध आकडा, पण आज तो नको.)

नऊ एक ओळीने लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा: १११११११११ गुणिले १११११११११. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक! लीलावतीतल्या एकं, दहं, शतंच्या पायऱ्या चढत गेलात, तर पहिला १ ‘मध्य’ स्थानी बसतो. परार्ध एकच घर पुढे.

यात जादू काही नाही. पाटीवर गुणाकार मांडा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांची बेरीज एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच उतरते. कुठेही हातचा येत नाही, म्हणून चित्र शाबूत राहते. दहा एक घेतले, की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा निघतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतला आठ गडप!

बँकेत आम्हाला नवाचा धाक होता. लेजरचा ताळा जमेना आणि फरक नवाच्या पटीत निघाला, तर कुणीतरी दोन अंक उलटसुलट लिहिल्याचा संशय आधी घ्यायचा. त्या सवयीने या सतरा अंकांची बेरीज केली. ८१ आली. मग संख्येला ८१ ने भागले, तर बाकी शून्य! अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते, त्या संख्येला ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी हे नावही कापरेकरांनीच दिलेले. आणि भागाकार? १२३४५६७९ चा वर्ग. पुन्हा आठ नाहीच. १२३४५६७९ ला नवाने गुणा, आपले नऊ एक परत हजर.

डेम्लो संख्यांवर कापरेकरांचे के. आर. गुंजीकरांसह लिखाण मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ साली छापून आले. मास्तर १९८६ साली गेले. त्यांना लागले ते कागद, पेन्सिल आणि वेळ. पैकी वेळ तर आपल्याला बदलापूर लोकल रोज देते. फक्त बसायला जागा मिळाली पाहिजे.