श्वास ऐकणारी तार

समुद्राच्या तळाशी गेलेला पाणबुड्या गप्प असला, तरी वर जहाजावर बसलेला सुपरवायझर त्याला ऐकत असतो. स्पीकरमधून येतो तो फक्त श्वास. त्याची लय वाढली, की वरून सूचना जाते, ‘हातातलं काम सोड, जरा दम खा.’

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्रात पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. तिथल्या पाइपलाइनी तपासणं, दुरुस्त करणं ही कामं पाणबुडे करतात. त्यांच्या डोक्यावरचं फायबरग्लासचं हेल्मेट बारा-चौदा किलोचं असतं. पाण्यात मात्र ते जवळजवळ वजनहीन होतं. या घराण्यातलं ‘सुपरलाइट १७’ कॅलिफोर्नियातल्या बॉब कर्बी आणि बेव्ह मॉर्गन यांनी १९७५मध्ये आणलं. हेल्मेटला जोडलेल्या जाड ‘नाळे’तून श्वासाचा वायू, गरज असेल तिथे गरम पाणी आणि बोलण्याची तार खाली जाते.

नाळ हेल्मेटला जिथे जुळते, तिथे बोटभर लांबीची एकमार्गी झडप असते. वायू आत येऊ द्यायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. समजा, पाणबुड्या ३० मीटरवर आहे आणि नाळ पाण्याच्या पृष्ठभागाशी फाटली. तळाशी पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलोने जास्त असतो. झडप नसेल तर हेल्मेटमधला वायू नळीवाटे वर धावेल, आणि हेल्मेटच्या २० सेंटिमीटर व्यासाच्या गळ्यावर ९०० किलोंहून अधिक भार येऊन माणूस हेल्मेटमध्ये चिरडला जाईल. ही झडप अडकायला वाळूचा एक कण किंवा सुकलेल्या मिठाचा थर पुरतो.

बोलण्याच्या तारेचा शत्रूही मीठच. खारं पाणी वीज वाहून नेतं. ते जोडणीत झिरपलं, की विद्युतप्रवाह आडवाटेने पळतो, आवाजात खरखर येते आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, त्याच जातकुळीची ही रसायनक्रिया. मायक्रोफोनची अवस्था आणखी बिकट. तो नाक-तोंड झाकणाऱ्या रबरी मुखवट्यात बसतो, म्हणजे दिवसभर ओलसर श्वास आणि थुंकीच्या माऱ्यात.

खोल पाण्यात आणखी एक पेच आहे. दाबाखालच्या नायट्रोजनने नशा चढते, म्हणून तिथे हीलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण देतात. हीलियममध्ये ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट असतो. स्वरयंत्राची कंपनं फारशी बदलत नाहीत, पण घशा-तोंडाच्या पोकळीतले अनुनाद वर सरकतात आणि धिप्पाड माणूसही बदकासारखा बोलू लागतो. वरचं यंत्र तो आवाज पुन्हा माणसात आणतं. पण मुळात मायक्रोफोनच ओला असेल, तर खरखर आणि शब्द यांची निवड त्यालाही जमत नाही.

म्हणून पाणबुड्या वर आला, की हेल्मेटची आंघोळ सुरू होते. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मुखवटा काढून निर्जंतुक करायचा, मायक्रोफोन आणि इअरफोन वाळवायचे, जोडण्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. ऑक्सिजनच्या वाटेतल्या भागांना साधं तेल वर्ज्य. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. वर्षातून एकदा तरी संपूर्ण हेल्मेट सुटं करून झिजलेल्या रबरी कड्या बदलतात.

आणि रोज, डुबकीपूर्वी, एक चाचणी. नाळ जोडण्याआधी हेल्मेटवरचा वायूचा मार्ग उघडायचा, झडपेच्या तोंडाला तोंड लावायचं आणि जोरात हवा ओढायची. हवेची एक झुळूक जरी आली, तरी झडप गळते आहे, हेल्मेट बाजूला. गाल आत ओढले गेले आणि काहीच आलं नाही, की मग नाळ जोडायची.