एका मोजणीचे वतन

28 सप्टेंबर 1953 रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मरिनो या गावी एडविन हबल यांना अकस्मात मृत्यू आला, तेव्हा पालोमार पर्वतावरील दोनशे इंची दुर्बिणीसाठी, म्हणजे त्या काळच्या जगातील सर्वांत मोठ्या दुर्बिणीसाठी, त्यांनी मनाशी आखून ठेवलेला आणि एका माणसाच्या हयातीत तडीस जाईल की नाही याची शंका वाटावी इतका विस्तीर्ण असा जो कार्यक्रम होता, तो सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाच्या अंगावर येऊन पडला. कसली सनद नव्हती, मृत्युपत्र नव्हते. होत्या त्या काचपट्ट्यांनी भरलेल्या पेट्या, अर्धवट टिपणे आणि अमुक दीर्घिका अमुक महिन्यांत पाहिलीच पाहिजे असा एक अदृश्य तगादा. या तरुणाचे नाव ॲलन सँडेज. त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली होती. पुढे 13 नोव्हेंबर 2010 रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी देहावसान होईपर्यंत, विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे हा एकच प्रश्न त्यांनी नाना वाटांनी विचारला. आणि या दीर्घ उद्योगाकडे आज मागे वळून पाहताना असे वाटते की वतन चालवणाऱ्या माणसाचे जे गुण आणि जे दोष असतात, ते दोन्ही त्यांच्या ठिकाणी पुरेपूर होते.

सँडेज यांचा जन्म 18 जून 1926 चा, आयोवा सिटीचा. वडील जाहिरातशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. मुलाला मात्र लहानपणीच आकाशाचे वेड लागले. महायुद्धात नौदलातील नोकरी, मग इलिनॉय विद्यापीठात पदार्थविज्ञानाची पदवी, आणि 1948 साली पॅसाडिनाच्या कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेत प्रवेश, इतका हा पूर्वार्ध सरळ आहे. पालोमारच्या दुर्बिणीचा समर्पण समारंभ त्याच वर्षीच्या जूनमधला. दुसऱ्याच वर्षी हबल यांना हृदयविकाराचा झटका आला, रात्र रात्र दुर्बिणीपाशी बसणे त्यांना दुरापास्त झाले, आणि त्यांच्यासाठी हातपाय हलवणारा कोणी तरी हवा होता म्हणून या विद्यार्थ्याची निवड झाली. वेध घेण्याची विद्या मात्र सँडेज शिकले ते वॉल्टर बाडे या जर्मन ज्योतिर्विदापाशी, ज्यांनी युद्धकाळात लॉस एंजेलिसचे दिवे मालवलेले असताना त्या अंधाराचा लाभ घेऊन देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातील तारे प्रथमच सुटे सुटे पाहिले होते. तिसरे वडीलधारे मिल्टन ह्यूमसन. माउंट विल्सनवर खेचरांचे तांडे हाकणारा आणि पुढे वेधशाळेत झाडलोट करणारा हा मनुष्य मंद दीर्घिकांचे वर्णपट टिपण्यात जगात अद्वितीय ठरला होता; विद्यापीठांच्या दाखल्यांवर फाजील विश्वास ठेवणाऱ्यांनी त्याचे चरित्र अवश्य वाचावे.

त्या काळी वेध घेणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज संगणकाच्या पडद्यावर आकाश पाहणाऱ्यास येणे कठीण आहे. पालोमारच्या दुर्बिणीच्या नळीत, अगदी वरच्या टोकाशी, माणूस बसू शकेल असा एक पिंजरा आहे. घुमटातील काळोखात वेधकर्ता त्या पिंजऱ्यात चढून बसे, दुर्बीण वळेल तसा तोही वळे, आणि खाली असलेल्या पाच मीटर व्यासाच्या आरशाने गोळा केलेला प्रकाश ज्या काचपट्टीवर पडत असे ती काचपट्टी त्याच्या हाताशी असे. उद्भासनाच्या सबंध अवधीत वाटाड्या ताऱ्यावरची नजर ढळू द्यायची नाही, तो तसूभर सरकला तर यंत्राने त्याला पुन्हा जागेवर आणायचे, आणि घुमट तापवता येत नसल्याने हिवाळ्याच्या रात्री विजेने ऊब देणारा पोशाख घालून हे सारे पार पाडायचे, असा तो शिरस्ता होता. अशा रात्रींनंतर दिवसा पॅसाडिनातील सांता बार्बरा रस्त्यावरच्या कचेरीत त्या काचा शेजारी शेजारी ठेवून कोणता तारा उजळला, कोणता मंदावला, याची रुजुवात घालायची. सँडेज या व्रतात इतके मुरले की पिंजऱ्यातील एकांत हीच त्यांची खरी वस्ती झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यांच्या हाती आलेला आकडा मुळात अडचणीचा होता. दीर्घिका जितकी दूर तितकी ती अधिक वेगाने आपल्यापासून दूर जाते, हे हबल यांनी 1929 साली दाखवले आणि त्या प्रमाणाचा अंक सुमारे 500 काढला; म्हणजे दर मेगापार्सेक अंतरामागे, अर्थात दर 32.6 लक्ष प्रकाशवर्षांमागे, वेगात सेकंदाला 500 किलोमीटरची भर. या अंकावरून उलट हिशेब केला की विश्वाचे वय जेमतेम दोन अब्ज वर्षे येई, आणि किरणोत्सर्गी द्रव्यांवरून भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वीचेच वय त्याहून अधिक सांगत. घरापेक्षा घरातली चूल जुनी, असा हा पेच! 1952 साली रोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत बाडे यांनी सांगितले की अंतरे मोजण्यासाठी हबल यांनी जे सेफीड चलतारे, म्हणजे ठरावीक लयीत उजळणारे-मंदावणारे तारे, वापरले त्यांत दोन भिन्न जाती मिसळल्या आहेत, आणि त्यासरशी सारी अंतरे दुप्पट झाली. पुढली काटछाट सँडेज यांची. 1956 साली ह्यूमसन आणि मेयॉल यांच्याबरोबर आठशेंच्या घरातील दीर्घिकांच्या ताम्रच्युतींचा, म्हणजे दूर जाण्याच्या वेगामुळे त्यांच्या प्रकाशाच्या तांबड्याकडे होणाऱ्या सरकणीचा, जो ग्रंथवजा लेख त्यांनी प्रसिद्ध केला त्यात अंक 180 वर आला. दूरच्या दीर्घिकांतील सर्वांत तेजस्वी तारे म्हणून हबल यांनी जे ठिपके गृहीत धरले होते त्यांपैकी पुष्कळसे तारे नसून प्रदीप्त हायड्रोजन वायूचे मेघ आहेत, हेही त्यांनी ओळखले, आणि 1958 साली अंक 75 च्या आसपास आणून ठेवला. सोबत, यात दुपटीपर्यंत चूक असू शकते, असेही प्रांजळपणे नमूद केले. तीस वर्षांत पाचशेचे पंचाहत्तर झाले! गुरूच्या आकड्याचा इतका निर्दय संकोच गुरूच्याच वारसाने करावा, ही मला तरी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत उमदी कामगिरी वाटते. याच सुमारास खगोलभौतिकविद मार्टिन श्वार्त्सचाइल्ड यांच्या सहवासात आणि गोलाकार तारकागुच्छांच्या निरीक्षणांतून त्यांनी ताऱ्यांच्या वयाचे एक स्वतंत्र घड्याळ हाती घेतले होते. प्रसरणाचे घड्याळ आणि ताऱ्यांचे घड्याळ यांचा मेळ बसलाच पाहिजे, ही श्रद्धा पुढे त्यांच्या सर्व निर्णयांवर सावली धरून राहिली.

1961 साली त्यांनी प्रश्नाला दुसरे अंग जोडले. प्रसरणाचा आजचा वेग हा एक आकडा झाला. पण सर्व द्रव्याच्या परस्पर गुरुत्वाकर्षणामुळे तो वेग मंदावत असला पाहिजे, तेव्हा हे मंदन किती, हा दुसरा आकडा. तो मिळाला की विश्व कायम पसरत राहणार की पुन्हा आकुंचन पावणार, याचा निवाडा होईल, आणि हा निवाडा पालोमारची दुर्बीण देऊ शकेल, असे त्यांनी गणिताने मांडले. दीर्घिकासमूहांतील सर्वांत तेजस्वी दीर्घिका सगळीकडे सारख्याच तेजाच्या असतात, हे त्यामागचे गृहीत होते. टेक्सास विद्यापीठातील बीट्रिस टिन्स्ली या तरुण विदुषीने नेमके तेच हलवले: तारे म्हातारे होतात, म्हणून दीर्घिकांचे तेजही काळाबरोबर बदलते, आणि दूरची दीर्घिका म्हणजे तरुणपणची दीर्घिका असल्याने तिच्या तेजावरून अंतर काढणे धोक्याचे आहे. सँडेज यांना हे मान्य करायला बराच काळ लागला. टिन्स्ली 1981 साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी निवर्तल्या. त्यांचे म्हणणे उरले, आणि सँडेज यांची ती वाट बंद झाली.

या दुसऱ्या आकड्याची एक कथा मराठी वाचकाला जवळची आहे. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या समवेत कोल्हापूरचे जयंत नारळीकर विश्व सर्वकाळ एकसारखेच असते असे मानणाऱ्या ज्या स्थिरस्थिती सिद्धांताच्या बाजूने झुंजत होते, त्यानुसार प्रसरण मंदावण्याऐवजी वाढत जायला हवे होते; सँडेज यांचे आलेख उलट दिशा दाखवीत, आणि ते सिद्धांताच्या विरोधातील एक पुरावा म्हणून पुढे केले जात. पुढे 1998 साली, दीर्घिकांऐवजी विशिष्ट प्रकारचे अतिनवतारे मापक म्हणून वापरून दोन स्वतंत्र गटांनी जाहीर केले की विश्वाचे प्रसरण खरोखरच त्वरणशील आहे. यावरून स्थिरस्थितीचा पक्ष विजयी झाला असे मानण्याचे कारण नाही, कारण 1965 साली सापडलेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी-प्रारणाने त्याची बाजू फार आधीच दुर्बळ केली होती. परंतु या आकड्याच्या धन-ऋण चिन्हापुरते तरी नारळीकर बरोबर ठरले आणि सँडेज चुकले, ही गंमत नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

मध्येच क्वेसारांचा, म्हणजे ताऱ्यांसारख्या दिसणाऱ्या पण अतिदूरच्या प्रखर वस्तूंचा, एक अध्याय येतो. 3सी 48 नावाच्या रेडिओ-उगमाच्या जागी एक विलक्षण निळा ठिपका असल्याचे त्यांनी 1960 च्या डिसेंबरात खगोलशास्त्रज्ञांपुढे मांडले, पण त्याचा वर्णपट कोणालाच उलगडेना. 1963 साली मार्टेन श्मिट यांनी अशाच दुसऱ्या उगमाच्या वर्णपटाची गुरुकिल्ली शोधली आणि कीर्ती त्यांच्याकडे गेली. दोन वर्षांनी सँडेज यांनी रेडिओ-लहरी न देणाऱ्या क्वेसारसदृश वस्तूंवर लेख धाडला, तेव्हा नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी परीक्षकाची नेहमीची पद्धत बाजूला सारून तो तत्काळ छापला. लेखातील संख्या फुगलेल्या निघाल्या, आणि आपले श्रेय हिरावले म्हणून ज्योतिर्विद फ्रिट्झ झ्विकी संतापले. मूळ शोध टिकला, घाई मात्र अंगाशी आली.

परंतु ज्या वादाने त्यांचे उत्तरायुष्य व्यापले तो पहिल्याच आकड्याचा. स्वित्झर्लंडचे गुस्टाव्ह टामान 1963 साली त्यांना येऊन मिळाले, आणि 1974 पासून या दोघांनी लेखांची जी मालिका सुरू केली तिच्यात अंक 55 च्या आसपास स्थिरावला. टेक्सासमधील जेरार द व्होकुलर यांनी त्याच आकाशातून 100 हा अंक काढला. म्हणजे एकाच्या हिशेबाने विश्वाचे वय वीस अब्ज वर्षांच्या घरात जाऊ शके, तर दुसऱ्याच्या हिशेबाने दहा अब्जांच्या आत राही. दोन्ही पक्ष आपापल्या आकड्यासोबत अत्यल्प चूक दाखवीत, आणि दोन्ही चुका मिळवूनही मधली दरी भरून निघत नसे. सँडेज यांचा मुख्य आक्षेप मात्र नुसत्या हट्टाचा नव्हता: दूरवर पाहताना मंद दीर्घिका नजरेतून सुटतात, तेजस्वी तेवढ्याच दिसतात, आणि त्यांनाच सरासरी दीर्घिका समजले की अंतरे कमी व अंक जास्त येतो, हा निवडीतला दोष त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवला, आणि आज तो प्रत्येक मोजणीत विचारात घेतला जातो. मात्र दोष दाखवता दाखवता विरोधकांविषयीचा आदरही आटत गेला. 1980 साली पालोमार आणि माउंट विल्सन चालवणाऱ्या दोन संस्थांचा संयुक्त कारभार मोडला, तेव्हा ज्या पिंजऱ्यात त्यांची जवानी गेली त्या पालोमारकडे सँडेज यांनी पाठ फिरवली. वतन मोडले की जुना वतनदार हद्दीवरही फिरकत नाही, त्यातलाच हा प्रकार. याच दशकात, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

कामाचा ओघ मात्र आटला नाही. दीर्घिकांचा सचित्र कोश 1961 साली निघाला होता. 1981 साली टामान यांच्यासह 1246 दीर्घिकांची सुधारित सूची आली, 1994 साली आणखी एक विशाल चित्रकोश. पारितोषिकांची यादी मोठी आहे. 1991 चे क्राफूर्ड आणि 2000 साली जेम्स पीबल्स यांच्यासह मिळालेले ग्रुबर पारितोषिक, एवढी दोन सांगितली तरी पुरे. पाचशेहून अधिक निबंध त्यांच्या नावावर जमा आहेत.

अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीने जुन्या वादाला नवे दप्तर दिले. वेंडी फ्रीडमन यांच्या नेतृत्वाखालील गटाने 2001 साली अंक 72 दिला, चुकीची मर्यादा 8. सँडेज, टामान आणि अभिजित साहा प्रभृतींनी त्याच दुर्बिणीच्या वेधांवरून 2006 साली 62.3 काढला. फ्रीडमन सांता बार्बरा रस्त्यावरील त्याच वेधशाळेत काम करीत, 2003 पासून तर तिच्या संचालक होत्या; म्हणजे ज्या वास्तूत सँडेज यांनी आपल्या गुरूचा आकडा मोडला, त्याच वास्तूत त्यांचा स्वतःचा आकडा मोडला गेला. यात अन्याय काही नव्हता. तरी 2004 साली माउंट विल्सनचा जो इतिहास सँडेज यांनी लिहिला, त्याची बैठक याच ठिकाणाच्या ममतेवर आहे.

आज प्लँक उपग्रहाच्या आधारे आरंभीच्या विश्वावरून काढलेला अंक 67.4 आहे आणि सेफीड व अतिनवतारे यांवरून काढलेला 73 च्या जवळपास. दोन्हीकडील चूक फारच थोडी, आणि तरीही मेळ बसत नाही. लाल राक्षसी ताऱ्यांच्या आधारे फ्रीडमन यांनी 2019 साली दिलेला 69.8 हा अंक दोघांच्या मध्ये उभा आहे. सँडेज यांचा 62 या भांडणात आता कोणी पुढे करीत नाही. पण ते हयात असते तर कमी आकड्याच्या बाजूने आणि तेही मोठ्या तावातावाने उभे राहिले असते, याविषयी निदान माझ्या मनात संदेह नाही.