गुंजेचा एकोणिसावा भाग

जळगावच्या सराफ बाजारात ज्यांचे बालपण गेले, त्यांना गुंज, मासा आणि तोळा ही केवळ कोष्टकांच्या पुस्तकातील नावे वाटत नाहीत. काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, चिमट्याने पारड्यात ठेवलेली लालकाळी गुंज आणि काटा स्थिर होईपर्यंत दुकानात पसरणारी शांतता, हे सारे त्या शब्दांच्या मागोमाग येते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आणि हा तोळा कंपनी सरकारने १८३३ साली १८० ग्रेनांचा ठरवून दिला, तेव्हा आपली गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड ठरली. पुढे सराफीत ग्रॅम आला आणि ग्रेन विस्मृतीत गेला; पण बंदुकीची दारू आणि गोळी जोखण्यासाठी तो जगात अजूनही चालू आहे, आणि ग्रेनच्या दहाव्या हिश्शासाठी, म्हणजे गुंजेच्या सुमारे एकोणिसाव्या भागासाठी, महिनोन्‌महिने झिजणारी माणसे आहेत. त्यांच्या शोधाची ही हकीकत.

खानदेशाला हा विषय परका नाही. भुसावळजवळ वरणगाव येथे १९६४ साली स्थापन झालेली आयुध निर्माणी लहान शस्त्रांची काडतुसे तयार करते, आणि त्यांत ५.५६ मिलिमीटर व्यासाच्या काडतुसाला मोठे स्थान आहे. या काडतुसाची वंशावळ पाहिली, तर ती अमेरिकेतील शेतांच्या बांधापर्यंत जाते. कुरणे पोखरणाऱ्या प्रेअरी डॉगसारख्या लहान प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी तिकडचे शेतकरी बारीक व्यासाची, अतिवेगवान रायफल वापरीत. अशा रायफलींसाठी रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी १९५० साली .२२२ रेमिंग्टन हे काडतूस रचले, आणि त्याचेच कवच थोडे लांबवून पुढे सैनिकी ५.५६ जन्मास आले. वीतभर उंचीचा प्राणी तीनशे मीटरवरून टिपायचा, तर कारखान्याने सर्व बंदुकांसाठी केलेले सरासरी काडतूस पुरत नाही, म्हणून तिकडे पुष्कळ जण आपल्या एकाच बंदुकीस मानवेल असे काडतूस हाताने भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून काडतूस बनविणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा हेच मला योग्य वाटते. पिकात शिरणारे आपले रोही आणि रानडुक्करही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतात. तेव्हा हा लेख कृतीचा नाही, त्या कृतीमागील विज्ञानाचा आहे.

काडतुसाचे अवयव चार: पितळी कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. या जातीच्या काडतुसात दारू दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा गुंजा. आणि ५५ ग्रेनांची गोळी तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकी. चाप ओढल्यावर या एवढ्याशा दारूतून निर्माण होणारा वायू वातावरणाच्या साडेतीन हजार पटींच्या घरात दाब निर्माण करतो, आणि गोळी सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागात नळीचा प्रवास संपवून साधारण ९७५ मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडते. नळीच्या आतील मळसूत्री आट्यांचा एक फेरा बारा इंचांत पुरा होत असेल, तर ती त्याच वेळी सेकंदाला सुमारे ३२०० गिरक्या घेत असते. इतक्या क्षणिक आणि इतक्या उग्र घटनेची दुसऱ्या खेपेस हुबेहूब आवृत्ती काढावयाची, हीच अचूकतेची खरी मागणी. गोळी किती वेगाने सुटली याला महत्त्व दुय्यम. ती प्रत्येक वेळी त्याच वेगाने, नळी कंप पावताना त्याच स्थितीत असताना आणि त्याच कोनातून सुटली पाहिजे.

म्हणून शोधक एका वेळी एकच घटक बदलतो. प्रथम दारूचे वजन थोडथोडे बदलून पाहतो; मग ते कायम ठेवून गोळी कवचात किती खोल बसवावी, म्हणजे आट्यांना भिडण्यापूर्वी तिला किती अंतर मोकळे कापावे लागेल, हे पाहतो. एकदा उडालेले कवच त्या बंदुकीच्या कोठीच्या आकाराचे होऊन बसते. त्याची फक्त मान पुन्हा आवळून वापरले, तर गोळी नळीच्या अक्षाशी अधिक समरेष राहते.

पितळेविषयी येथे थोडे थांबलेच पाहिजे, कारण त्याची एक गोष्ट हिंदुस्थानातच घडली. इंग्रजी अमदानीत लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठविली जात, आणि पावसाळा सरल्यावर पाहावे तो कवचांना भेगा पडलेल्या असत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी १९२१ साली याची उकल केली. थंड अवस्थेत ओढून घडविलेल्या पितळेच्या अंगात ताण कोंडलेला असतो, आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत नेमका त्या ताणलेल्या पितळेवर घाला घालतो. उपाय साधा निघाला: पितळेला बेताची आच देऊन ताण मोकळा करणे. सैनिकी काडतुसाच्या मानेवर जी निळसर झाक दिसते, ती या आचेचीच खूण. आणि पुनःपुन्हा वापरून कवच कडक झाले की हाताने भरणाराही त्याच्या मानेला तीच आच देतो, नाही तर गोळीवरची पकड दर काडतुसास निराळी होते.

उष्णतेचा दुसरा परिणाम दारूवर. गरम दारू अधिक जलद जळते. काही जातींत तापमान एका अंशाने वाढले की गोळीचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरने वाढतो. पौषात धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो आणि वैशाखात भुसावळचा पंचेचाळिशी गाठतो. म्हणजे खानदेशाच्या एकाच वर्षातील अंतरामुळे वेगात वीस मीटरांची तफावत, आणि तीनशे मीटरवर गोळी सुमारे तीन सेंटिमीटर वरखाली. धुळ्याच्या थंडीत जुळवलेले वजन भुसावळच्या उन्हात नुसते चुकते एवढेच नाही, दाब वाढल्यामुळे ते धोकादायकही होऊ शकते.

या सर्व कारणांचा पहिला धीराचा अभ्यास फ्रँकलिन मान या अमेरिकन वैद्याने केला. माणसाच्या हाताची थरथर हिशेबातून वगळावी म्हणून त्याने नळी काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर जखडली, आणि अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९०९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळीचा बुडाकडील भाग किंचित वाकडा असला, किंवा तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून ढळलेला असला, तर ती भरकटते, हे त्याने दाखविले. मला त्याच्या निष्कर्षांहून तो चौथरा अधिक मोलाचा वाटतो. आपल्याच हाताविषयी संशय घेऊन त्याने आरंभ केला.

कारण या शोधातील सर्वांत मोठी फसवणूक दारूची नसते, योगायोगाची असते. समजा, अगदी एकसारख्या काडतुसांच्या तीन-तीन गोळ्यांचे दहा गट कागदावर झाडले. त्यांतील सर्वांत मोठा गट सर्वांत लहानाच्या सुमारे तिप्पट निघणे ही नित्याची गोष्ट आहे. आता हेच दहा गट दारूच्या दहा निरनिराळ्या वजनांचे आहेत असे मानले, तर पाहणारा त्या लहान गटाला बोट लावून म्हणेल की हेच ते वजन. आणि त्याचा आनंद खरा असला तरी शोध खोटा असेल. तीन गोळ्यांऐवजी तीस झाडाव्यात, लागलेल्या खुणांपैकी एकही सोयीची नाही म्हणून खोडू नये, आणि निवडलेले वजन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हवेत पुन्हा पारखावे, एवढाच मार्ग उरतो. तो लांबचा आहे आणि त्यात दारू, पितळ व वेळ यांचा बराच व्यय होतो.

शिवाय नळीही झिजत असते. दर खेपेस तप्त वायू आट्यांचा आरंभीचा भाग थोडाथोडा खातो, आणि काही हजार गोळ्यांनंतर आटे इतके मागे सरतात की गोळी बसविण्याची जी खोली कष्टाने निश्चित केली होती, ती आता त्या नळीची राहत नाही. मग वहीचे नवे पान उघडून, तराजूचा काटा पुन्हा शून्यावर आणून, गुंजेच्या एकोणिसाव्या भागापासून मोजणी परत सुरू करावी लागते.